शेवंतीला मारलेली हाक

भीमराज गायसमुद्रेच्या वडिलांची एकच इच्छा होती, पोरगा कंपनीत लागावा. ते स्वतः औशाहून पिंपरीला आले आणि औषधाच्या कंपनीत बत्तीस वर्षं राबून रिटायर झाले. भीमराजने आयटीआयला फिटरचा कोर्स केला, चाकणला दोन कंपन्यांत कंत्राटावर काम केलं, आणि दुसऱ्या कंपनीने चाळीस जणांना एकदम घरी बसवलं तेव्हा त्यात त्याचंही नाव होतं. पुनावळ्याच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी एका ट्रस्टचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे, तिथे पिंजऱ्यांची दारं, कड्या, रूळ दुरुस्त करायला माणूस हवा होता. दुसरं काही मिळेपर्यंत करू, म्हणून तो गेला. ते 'दुसरं काही' त्याने नंतर शोधलंच नाही. दारं दुरुस्त करता करता तो दारांमागच्या जनावरांत रमला, आणि चार वर्षांत बिबट्यांचा कीपर झाला.

शेवंती त्याच्याकडे आली ती भाजीच्या क्रेटमधून. खेडच्या बाजूला ऊसतोड चालू असताना मजुरांना तीन बछडी सापडली होती. वनखात्याने ती चार रात्री फडाशेजारी ठेवून पाहिली. आई दोनदा आली, दोन पिल्लं उचलून नेली आणि तिसरं राहिलं. त्या पिल्लाचे डोळेही नीट उघडले नव्हते. भीमराजने तिला बाटलीने शेळीचं दूध पाजलं, ओल्या फडक्याने पोट चोळलं, आणि रहाटणीच्या घरी जायचं सोडून दीड महिना शेल्टरच्या, म्हणजे बिबट्यांच्या रात्रीच्या खोल्यांच्या, ओसरीवर झोपला. बायको म्हणायची, "साक्षीच्या वेळी एवढे जागला असता तर!" साक्षी म्हणजे त्याची मुलगी, तेव्हा शाळेत होती.

पिल्लू मोठं झाल्यावर त्याने तिच्या अंगाला कधी हात लावला नाही. तेवढी अक्कल त्याला होती. पण ती त्याच्या हाकेला यायची. "ये गं शेवंते, ये," एवढंच. आवाज चढवायचा नाही, शेवटचा 'ये' थोडा लांबवायचा. मोकळ्या आवारात कुठेही पसरलेली असली तरी ती उठायची, आळस देत गजांपाशी यायची आणि गाल घासायची. ही हाक संग्रहालयाच्या डॉक्टर विजयश्रींनी मारून बघितली, सुरक्षारक्षक हिंदुरावांनी मारून बघितली. ती कान हलवायची, जागची उठायची नाही. हे अकरा वर्षं असंच चाललं.

आता जे घडलं ते कळायला त्या शेल्टरची रचना सांगितली पाहिजे. एक लांब, अरुंद, छप्पर असलेली गल्ली. गल्लीच्या एका टोकाला बाहेर पडायचं लोखंडी गजांचं दार, दुसऱ्या टोकाला दगडी भिंत. बाहेरच्या दाराकडून आत आलं की डाव्या हाताला ओळीने तीन खोल्या, गज लावलेल्या. पहिलीत शेवंती, बाकीच्या दोन रिकाम्या. उजव्या हाताला अगदी शेवटी मांस ठेवायची खोली. तिला पत्र्याचं दार, आत उघडणारं, आणि त्याला कडी होती ती फक्त बाहेरून. आत कोण राहणार होतं, म्हणून आतून कडी लावायची कधी कुणाला सुचलं नाही. पूर्वी फिटर असलेल्या भीमराजलाही नाही.

सोमवारी संग्रहालय बंद असतं, आणि त्या दिवशी मांसाहारी जनावरांना उपास असतो. त्या सोमवारी संध्याकाळी भीमराजने शेवंतीच्या खोलीचा गल्लीकडचा सरकता दरवाजा खाली सोडला. तेवढ्यात फोन वाजला. हरणांच्या वाड्यात एक पाडस तारेत अडकलं होतं. तो धावत गेला. दरवाजा खाली होता, पण त्याला आडवी घालायची लोखंडी खीळ घालायची राहिली. मंगळवारी सकाळी सव्वाआठला आल्यावर त्याने दरवाजा खाली आहे एवढं पाहिलं. खिळीकडे पाहिलं नाही. हे त्याने नंतर स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

नियमाप्रमाणे त्याने बाहेरचं दार आतून कुलूप लावून बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि मधली खोली धुवायला घेतली. शालनबाई मांसाची बादली घेऊन त्याच्या मागोमाग आत आली होती. ती परभणीकडची, पंचावन्नची, सफाईच्या कामावर. नवरा गेल्यापासून मुलाकडे राहायची. ती मांसाच्या खोलीत सुरी धूत होती.

पाण्याच्या आवाजात भीमराजला रुळावर काहीतरी घासल्याचं ऐकू आलं. त्याने मान वळवली तर शेवंती गल्लीत उभी होती. दरवाज्याखाली पंजे घालून तिने तो वर उचलला होता.

त्याने हातातला पाइप टाकला, मधल्या खोलीचा दरवाजा खाली ओढला आणि गजांतून हात काढून त्याची खीळ घातली. "शालनबाई, दार लावा! शेवंती बाहेर आहे!" तो ओरडला.

पत्र्याचं दार धाडकन लागलं. मग आतून आवाज आला, "कडी न्हाई रे याला! भीमराज, कडी न्हाई!"

"पाठ लावून बसा. पाय कशाला तरी टेकवा. हलू नका."

आत सिमेंटचा ओटा होता. शालनबाईने त्याला पाय रोवले आणि दाराला पाठ लावली. एका दिवसाच्या उपाशी शेवंतीला मांसाचा वास नाकात भरला होता. ती सरळ त्या दाराशी गेली, खालची फट हुंगली आणि पत्र्यावर पंजा मारला.

म्हणजे परिस्थिती अशी झाली : बिबट्या गल्लीत, माणूस पिंजऱ्यात, आणि एक बाई पाठीच्या जोरावर दार धरून. बाहेरचं कुलूप उघडायचं तर किल्ली भीमराजच्या खिशात. आणि उघडलं असतं तर टेकडीखाली सोसायट्या, शाळेच्या बसचा थांबा. भीमराजच्या चारी बाजूंनी गज आणि भिंती होत्या. त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं आणि तो कुणालाही हात देऊ शकत नव्हता.

त्याने डॉक्टरांना फोन लावला. विजयश्री मॅडम हरणांच्या वाड्यातच होत्या. त्या भुलीची बंदूक घेऊन पाच मिनिटांत बाहेरच्या दाराशी आल्या, मागून हिंदुराव रायफल घेऊन. हिंदुराव सैन्यातून निवृत्त झालेले, अठरा वर्षांत त्यांनी ती रायफल फक्त साफ केली होती.

"भीमराज, ती शांत आहे का?" मॅडमनी गजांबाहेरून विचारलं.

"भुकेली आहे. चिडलेली नाही अजून."

"मी डार्ट मारते. पण दहा मिनिटं तरी लागतील असर व्हायला, कदाचित पंधरा. मधे ती बिथरेल. दार टिकेल?"

भीमराजने मोठ्याने विचारलं, "शालनबाई, दहा मिनिटं धराल?"

"धरते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "लवकर करा."

डार्ट मागच्या मांडीत लागला. शेवंती गरकन वळली, गुरगुरत बाहेरच्या दारावर झेपावली. मॅडम मागे सरल्या. ती पुन्हा पत्र्याच्या दाराशी गेली, पण आता तिचं लक्ष मांसावर नव्हतं. तिला कुठेतरी शिरायचं होतं, अंधारात, लपायला, आणि तिला तेवढंच एक दार दिसत होतं. ती त्याच्यावर अंग टाकू लागली.

प्रत्येक धडकेबरोबर शालनबाई "आई गं" म्हणत होती. भीमराजने हाक मारली. "ये गं शेवंते, ये." ती थांबली. कान त्याच्याकडे वळले. ती मधल्या खोलीच्या गजांपाशी आली, धापा टाकत. तो तिच्याशी बोलत राहिला. काय बोलला ते त्याला आठवत नाही. अर्धा मिनिट ती थांबली असेल. मग तिने मांडीला चिकटलेल्या डार्टला चावा घेतला आणि परत दाराकडे गेली. त्याने पुन्हा बोलावलं. पुन्हा ती आली, पण लगेच गेली.

"मॅडम, ती येते आहे. मी तिला असाच अडकवून ठेवतो. रायफल नका," तो म्हणाला.

"किती मिनिटं झाली?" मॅडमनी हिंदुरावांना विचारलं.

"सहा."

तेवढ्यात पत्र्याची खालची कड वाकली. शेवंतीने पंजा आत घातला आणि शालनबाई किंचाळली. ती किंचाळी भीमराजने आयुष्यात ऐकलेल्या कुठल्याही आवाजासारखी नव्हती. पंजा बाहेर आला तेव्हा नखांत हिरव्या लुगड्याचा तुकडा होता.

"भीमराज, माझे पाय सुटायलेत," ती आतून म्हणाली. रडत नव्हती. नुसतं सांगत होती.

हिंदुरावांनी रायफल गजांतून आत घातली आणि लगेच बाहेर काढली. "मॅडम, दारापुढं आहे तोवर मारता येत नाही. गोळी पत्र्यातून बाईला लागेल."

मग जे बोलणं झालं ते तीन वाक्यांचं होतं. भीमराजला ते शब्द न् शब्द पाठ आहे.

मॅडम म्हणाल्या, "ती तुमच्या गजांपाशी आली तर तिच्यामागे फक्त दगडी भिंत आहे."

भीमराजने गल्लीच्या टोकाच्या त्या भिंतीकडे पाहिलं.

"भीमराज, हाक मारा तिला."

"दोन मिनिटं थांबता येईल का?" त्याने विचारलं. विचारताना त्याला कळत होतं, की आपण गजांच्या आत उभे राहून हे विचारतो आहोत. थांबायचं होतं ते शालनबाईने.

पत्रा पुन्हा वाजला.

भीमराजने हाक मारली. आवाज नेहमीसारखा लागणार नाही असं त्याला वाटलं होतं. लागला. शेवटचा 'ये' त्याने लांबवला. शेवंतीचे मागचे पाय आता किंचित लडबडत होते. ती वळली, आली, आणि गजांना गाल लावला. तो एक पाऊल मागे गेला, दुसरं गेला, कोपऱ्यात पोचला, भिंतीकडे तोंड करून खाली बसला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

गोळी एकच लागली.

त्यानंतर बराच वेळ तो कोपऱ्यातून उठलाच नाही. शेवटी त्याने किल्ली गजांतून बाहेरच्या दाराकडे फेकली. हिंदुरावांनी रायफलच्या नळीने ती जवळ ओढली, कुलूप काढलं आणि आत येऊन आधी शालनबाईला बाहेर काढलं. तिच्या पाठीवर चार ओरखडे होते, त्यातले दोन खोल. शेवंतीवरून ओलांडून जाताना तिने डोळे मिटले.

दवाखान्यात तिचा मुलगा सुजित आला, चाकणहून, कंपनीच्या गणवेशातच. टाके घालून झाले होते. त्याने भीमराजला व्हरांड्यात गाठलं.

"तुम्ही पिंजऱ्यात होता ना?"

"हो."

"आणि ते जनावर माझ्या आईच्या दारावर धडका देत होतं. मग कशाची वाट बघत होता राव? वीस मिनिटं!"

भीमराजला सांगता आलं असतं, की वीस नाही, डार्टनंतर सात. की दारापुढे गोळी चालवता येत नव्हती. पण त्याने वाट पाहिली होती हे खरं होतं. "चुकलं," तो म्हणाला. सुजित अजून काही बोलणार होता. मग नुसताच भिंतीला टेकून उभा राहिला.

दोन दिवसांनी दुसरी बाजू सुरू झाली. संग्रहालयाच्या फाटकावर काही मंडळी शेवंतीचा मोठा फोटो घेऊन बसली. कुणीतरी व्हिडिओ केला : कीपर पिंजऱ्यात सुरक्षित होता, डार्ट मारून झाला होता, तरीही मुक्या जीवाला हाक मारून फसवून मारलं. हाकेची गोष्ट बाहेर कशी गेली कुणास ठाऊक. साक्षी हिंजवडीला एका ऑफिसात कामाला होती. तिच्या टीमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ सकाळपासून चार वेळा आला. खाली रडणारे चेहरे आणि 'असल्या माणसाला त्याच पिंजऱ्यात कोंडा'. लिहिणाऱ्यांत तिची शेजारची मैत्रीण होती. तो कीपर म्हणजे साक्षीचे वडील, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी तिने विचारलं, "पप्पा, मी काय लिहू ग्रुपवर?"

"काही लिहू नकोस."

"पण ते खोटं बोलतात."

"सगळं खोटं नाही," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

ती रात्रभर धुसफुसत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने ग्रुप सोडला. का सोडला हे विचारायला मैत्रीण जवळ आली तेव्हा तिने सांगून टाकलं. मैत्रिणीने आपलं लिहिलेलं पुसलं, पण त्या दोघी पुन्हा एकत्र जेवायला बसल्या नाहीत.

चौकशी झाली. खीळ घालायची राहिली, सकाळी तपासली नाही, हे भीमराजने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. चौकशीतल्या एका साहेबांनी विचारलं, "गोळीचा निर्णय कोणाचा?" विजयश्री मॅडम म्हणाल्या, "माझा. लेखी घ्या." भीमराजला तीन महिने कामावरून दूर ठेवलं. त्या तीन महिन्यांत तो रोज सकाळी सातला तयार होऊन बसायचा, आणि नऊ वाजता कपडे बदलायचा. एकदा बायको म्हणाली, चार दिवस औशाला जाऊन या. तो स्वारगेटपर्यंत गेला आणि तिथूनच परतला. कुठेही गेलं तरी आपण त्या मधल्या खोलीतच आहोत, असं त्याने तिला सांगितलं. असलं काही बोलणारा तो माणूस नव्हता, त्यामुळे ती घाबरली आणि तिने साक्षीला सांगून मॅडमना फोन करायला लावला.

मॅडम रहाटणीला घरी आल्या. चहा झाल्यावर भीमराजने इतके दिवस मनात धरलेला प्रश्न विचारला. "शवविच्छेदन तुम्हीच केलं. औषध चढलं होतं ना?"

"चढायला लागलं होतं."

"किती वेळात पडली असती?"

"दोन मिनिटांत पडली असती, किंवा आठ. भीमराज, मला खरंच माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं, चांगलं असो की वाईट." त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. "मीही रोज तेच मोजते."

तो परत कामावर गेला, पण पक्ष्यांकडे. तिथे एक अडचण निघाली. त्याला कुठल्याच जनावराला हाक मारता येईना. मोरांना दाणे टाकताना तोंडातून आवाजच निघायचा नाही. तो ताटली आपटायचा आणि बाजूला व्हायचा.

शालनबाई पाच महिन्यांनी कामावर आली. तिने पहिल्या दिवशीच सांगितलं, मांसाच्या खोलीला आतून कडी बसल्याशिवाय मी त्या शेल्टरच्या सावलीलाही उभी राहणार नाही. भीमराजने स्वतः बसवली, दोन बसवल्या, वर एक आणि खाली एक. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"तू मला तोंड चुकवतोस," ती म्हणाली.

"काय बोलू बाई? मी दोन मिनिटं मागितली होती तेव्हा."

"ऐकलं मी. पत्र्याच्या पल्याडच होते की." तिने खालची कडी दोनदा लावून पाहिली. "मला राग आला होता तुझा. अजून बी येतो कधी कधी. पण तिच्यासाठी रडू बी येतं मला. रोज माझ्या हातचं खायाची ती. आता या दोन्हीचं काय करायचं ते मला न्हाई कळत, तर तुला काय सांगू?"

त्याला कुणीतरी माफ करावं असं वाटत होतं. तिने तसं काही केलं नाही. तरी त्या दिवसापासून दोघं पुन्हा एकत्र डबा खाऊ लागले.

पुढच्या हिवाळ्यात वनखात्याने बिबट्याची एक मादी पाठवली. चाकणच्या बाजूला रस्त्यावर गाडीची धडक बसून तिचा एक पाय कायमचा अधू झालेला, जंगलात सोडण्याजोगी नव्हती. मॅडमनी भीमराजला बोलावलं.

"मला नको," तो म्हणाला. "दुसरा माणूस घ्या. मी शिकवीन त्याला."

"दुसरा माणूस घेतेच आहे, दोघे लागतील. पण तिला हाकेवर यायला शिकवायचं आहे, आणि ते तुम्हाला येतं." मॅडम त्याच्याकडे न बघता बोलत होत्या. "त्या दिवशी शेवंती हाकेला आली नसती, तर शालनबाई गेली असती."

"आणि ती कशासाठी आली?"

"माहीत आहे मला."

"उद्या हिलाही तशीच बोलवायची वेळ आली तर?"

"तर बोलवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

तो आठवडाभर गेला नाही. मग एक अट घालून गेला. हाक नाही, नाव नाही, घंटा. कुणीही वाजवली तरी जनावर आलं पाहिजे, एकाच माणसाच्या आवाजावर नाही. मॅडमनी ते मान्य केलं आणि नियमावलीत लिहिलं. मुख्य म्हणजे रोज, उपासाच्या सोमवारीही, बोलावलं की खायला मिळालंच पाहिजे, एकही दिवस रिकामा नाही, हेही त्याने त्यांना लिहायला लावलं.

नवी मादी माणसांना भिऊन होती. पहिले दहा दिवस घंटा वाजली की ती मागच्या भिंतीला चिकटून फिस्कारायची. भीमराज चिमट्यात मांसाचा तुकडा धरून तासन्‌तास गजांबाहेर बसायचा. दरवाजे तपासून कागदावर सही करायचं काम आता दोन माणसांचं होतं, शालनबाईचं आणि त्याचं. अकराव्या दिवशी सकाळी त्याने घंटा वाजवली तेव्हा ती उठली. अधू पाय ओढत, थांबत थांबत, पोट जमिनीला घासत पुढे आली. गजांपासून हातभर अंतरावर बसली आणि मान पुढे केली. मागे शालनबाई बादलीपाशी उभी होती.

भीमराजने तुकडा आत सरकवला. तिने तो खाल्ला, पण मागे गेली नाही. तशीच बसून त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडाशी ती जुनी हाक आली होती, ती त्याने गिळली, आणि दुसरा तुकडा घ्यायला तो बादलीकडे वळला.